उसनी भिंत

गणेशोत्सवात एका रात्री आमच्या गल्लीत पडदा लागायचा. पडदा म्हणजे जाड पांढरं कापड. वरची दोन टोकं समोरासमोरच्या चाळींच्या कठड्यांना बांधलेली, आणि वाऱ्यानं फुगू नये म्हणून खालची दोन दगडांना. प्रोजेक्टरवाला दिवेलागणीलाच टेम्पोतून यायचा आणि त्याच्या लोखंडी स्टुलाभोवती आम्हा पोरांचं कोंडाळं जमायचं. रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत असत. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंतच्या पाच मिनिटांत बायका वर जाऊन दूध उतू गेलं नाही ना ते पाहून येत. माणसं पडद्याच्या दोन्ही अंगांना बसत. पुढच्या बाजूला सतरंजी अंथरलेली. तिथं आधी आलेले, वर्गणी देणारे, वडीलधारे. मागच्या बाजूला उरलेले सगळे: शेजारच्या गल्लीतले, नाक्यावरचे हमाल, दुकानाच्या फळ्या लावून आलेली नोकर पोरं. मागून बघणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे आणि नावं उलटी वाचावी लागत. पण गाणं तेच, रडू तेच, हसण्याच्या जागाही त्याच.

त्या सिनेमांची नावं आता आठवत नाहीत. आठवतो तो प्रोजेक्टरमधून निघणारा झोत, त्यात तरंगणारी धूळ आणि पाकोळ्या. कोणी उशिरा आलेला माणूस झोतात शिरला की पडद्यावर त्याचं भलंमोठं काळं डोकं उमटे आणि गल्लीभर ओरडा होई, “अहो, खाली बसा!” आम्ही पोरं तेवढ्यात हात वर करून घ्यायचो. नायिकेच्या गालावर आमची पाच बोटं. सकाळी उठून बघावं तर पडदा नाही, दगड नाहीत, आणि गल्लीत नेहमीसारखी नळावरची रांग.

सार्वजनिक प्रक्षेपणकलेवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मला त्या गल्लीपासूनच सुरू करावीशी वाटते, कारण या कलेत मला जे मोलाचं वाटतं ते सगळं तिथं होतं. नाव जरा जड आहे, गोष्ट साधी आहे. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, पुतळ्यावर, पुलाच्या कमानीवर, नदीच्या काठावर, कधी अख्ख्या डोंगरावर प्रकाशानं चित्र, चेहरा किंवा अक्षर उमटवायचं. आणि तेही तिकीट न लावता, रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही बघता येईल असं. रात्र सरली की भिंत जशीच्या तशी मालकाला परत. खिळा नाही, रंगाचा ओघळ नाही. चाळीत आम्ही विरजण उसनं आणायचो, पाहुणे आले की खुर्च्या उसन्या आणायचो. उसनं आणलेलं धडपणी परत करायचं असतं, आणि त्या देवाणघेवाणीवरच शेजार टिकतो. ही कला म्हणजे उसनी घेतलेली भिंत आहे. ती कोणासाठी मागून आणली, यावरच तिचं मोल ठरतं, असं माझं मत आहे. या पुस्तकातली चित्रं पाहताना वाचकानंही तोच प्रश्न हाताशी ठेवावा.

तंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यातच एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. लाल टाकता येतो, निळा येतो, पांढरा तर येतोच. पण काळं म्हणजे फक्त तिथं प्रकाश न टाकणं. चित्रातला काळोख प्रोजेक्टरचा नसतो, त्या जागेचा असतो. म्हणून असा कार्यक्रम करायचा तर आधी अंधार गोळा करावा लागतो. समोरच्या दुकानदाराला पाटीवरचा दिवा तासभर मालवायची विनंती करायची, पालिकेकडून रस्त्याचे खांब बंद करून घ्यायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून गच्चीवरचा हॅलोजन विझवायला सांगायचा. एकानं जरी दिवा चालू ठेवला तरी भिंतीवरच्या चेहऱ्याचा अर्धा गाल धुऊन निघतो. पैशाची वर्गणी नंतर. आधी अंधाराची वर्गणी काढावी लागते, आणि ती प्रत्येक शेजाऱ्यानं द्यावी लागते. शेजाऱ्यांच्या संमतीची इतकी गरज असलेली दुसरी कला मला माहीत नाही.

बाकीचे नियम भौतिकशास्त्राचे. प्रोजेक्टर दुप्पट लांब नेला तर भिंतीवरचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून मोठ्या भिंतीला एक यंत्र पुरत नाही. अनेक यंत्रांची चित्रं एकमेकांच्या कडेवर चढवून सांधा दिसणार नाही अशी जुळवतात. दगडाचाही स्वभाव असतो. संगमरवर आणि चुनखडी प्रकाश परत देतात, आपला सह्याद्रीचा काळा कातळ तो पिऊन टाकतो. मुंबईत गेटवेचा पिवळसर बेसाल्ट किंवा मालाडचा पिवळट दगड त्यामानानं दयाळू. इमारतीच्या खिडक्या, खांब, कोनाडे लेझरनं मोजून संगणकात तिची प्रतिकृती बनवतात आणि चित्र त्या अंगावर बेतून शिवतात, शिंपी मापं घेतो तसं. यालाच प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री इमारतीवर पांढऱ्या रेघांची जाळी टाकून ती दगडी कडांशी तंतोतंत बसते का ते तपासतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक जुळवणी पाहायला मी रात्री थांबलो होतो. दोन वाजून गेले होते. जुन्या दगडी इमारतीवर जाळी पडलेली, आणि एक तरुण तंत्रज्ञ लॅपटॉपवर एकेक रेघ केसभर सरकवत होता. तेवढ्यात रस्ता झाडणाऱ्या दोघी बायका खराटे घेऊन आल्या. त्यांतली एक यंत्रासमोरून गेली आणि तिची सावली भिंतीवर तीन मजल्यांएवढी उभी राहिली. “मावशी, जरा बाजूला होता का, रेघा दिसत नाहीत,” तो म्हणाला. ती बाजूला झाली, मग सहज मान वर करून तिनं पाहिलं आणि पुन्हा झोतात आली. “ती मी हाय व्हय?” तिनं विचारलं. तो हसून म्हणाला, “तुम्हीच. थांबा थोडा वेळ.” तिनं पदर नीट केला. खराटा हातात उभा धरला. मग दुसरीही येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्या पोरानं लॅपटॉपवरचे हात काढून घेतले होते. दोन-तीन मिनिटं कोणी काही बोललं नाही. ज्या पायऱ्या त्या दोघी रोज पहाटे झाडत असतील, त्या पायऱ्यांवर घुमटापर्यंत पोचलेल्या दोन बायका उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात घोडे होते, तलवारी होत्या, फुलांचा पाऊस होता, गर्दीही मोठी होती. ते सगळं नेटकं झालं. पण त्या भिंतीवर काय उमटायला हवं होतं, ते मी आदल्या रात्रीच पाहिलं होतं.

या कलेचा इतिहास लांबचा आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगेन्सनं 1659 च्या सुमारास काचेवरचं चित्र भिंतीवर मोठं करून दाखवणारा कंदील तयार केला. पुढे तो जादूचा कंदील म्हणून युरोपभर फिरला. मराठी वाचकाला यात अभिमान वाटावा असं एक पान आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1890 च्या दशकात या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्यांना अस्सल नाव दिलं, शांबरिक खरोलिका. शंबरासुराची माया दाखवणारा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं अशा क्रमानं सरकवायची की आकृती हलल्याचा भास व्हावा. जोडीला निवेदन आणि संगीत. पुराणातल्या कथा लोकांनी प्रकाशात पाहिल्या त्या अशा, सिनेमा इथं पोचण्याच्याही आधी. पुढे जत्रांतले तंबू आणि आमच्या गल्लीतलं ते कापड याच घराण्यातलं.

इमारतीलाच पडदा करण्याची कल्पना रुजली ती फ्रान्समध्ये. 1952 साली शांबोरच्या राजवाड्यावर पॉल रॉबेर-उदँ यांनी ध्वनिप्रकाशाचा पहिला खेळ केला. प्रसिद्ध जादूगार रॉबेर-उदँचे ते नातू. दिल्लीच्या लाल किल्ल्यात असा कार्यक्रम 1965 साली सुरू झाला आणि मग देशभरचे किल्ले, वाडे, तुरुंग बोलू लागले. त्या कार्यक्रमांचं श्रेय मी कमी करत नाही. सहलीला आलेल्या कित्येक मुलांना इतिहासाचा पहिला रोमांच तिथंच मिळाला. पण त्यांत वाडा वाड्याचीच गोष्ट सांगतो. ज्यानं बांधला त्याची, जो त्यात राहिला त्याची. बांधणाऱ्या पाथरवटाची नाही.

भिंतीला दुसऱ्याची गोष्ट सांगायला लावणारा माणूस म्हणजे क्षिश्तोफ वोदिच्को. या पुस्तकात त्याला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे आणि ती योग्यच आहे. त्याचा जन्म 1943 च्या एप्रिलमधला, वॉर्सॉचा. त्याच महिन्यात त्या शहराच्या ज्यू वस्तीत नाझींविरुद्ध उठाव पेटला. शिक्षण औद्योगिक रचनेचं. काही वर्षं त्यानं ऑप्टिकल उपकरणं बनवणाऱ्या पोलिश कारखान्यात रचनाकाराचं काम केलं. 1977 साली तो कॅनडात गेला, पुढे अमेरिकेत स्थिरावला, आणि 1980 पासून सार्वजनिक इमारतींवर प्रक्षेपणं करू लागला. सुरुवातीची त्याची कामं आरोप करणारी होती. 1985 साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात नेल्सनच्या स्तंभावर चित्र टाकता टाकता त्यानं एक प्रोजेक्टर दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीकडे वळवला आणि तिच्या माथ्यावर स्वस्तिकाचं नाझी चिन्ह उमटवलं. वर्णद्वेषी राजवटीचा तो काळ. पोलिसांनी थांबवेपर्यंत सुमारे दोन तास ते चिन्ह तिथं होतं.

पण मला जास्त मोठा वाटतो तो त्यानंतरचा वोदिच्को, ज्यानं स्वतःचं म्हणणं बाजूला ठेवलं आणि भिंत दुसऱ्यांच्या हाती दिली. 1998 साली बॉस्टनच्या चार्ल्सटाउन भागातल्या बंकर हिल स्मारकावर त्यानं तीन रात्री काम केलं. हे स्मारक म्हणजे 221 फूट उंचीचा दगडी स्तंभ, 1775 च्या लढाईचा, स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांचा. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत वर्षानुवर्षं खून होत होते आणि साक्ष द्यायला कोणी पुढे येत नव्हतं. तोंड उघडायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. खून झालेल्या मुलांच्या आया त्या तीन रात्री स्तंभावर बोलल्या. त्यांचे चेहरे दगडाच्या वरच्या भागावर, आवाज खाली मैदानात. सगळी वस्ती तिथं जमली होती, आणि ज्यांना सगळं ठाऊक असावं असेही त्या गर्दीत असणार. स्मारकाला माणसाची जीभ मिळाली ती अशी. आपल्याकडे लेक गेलेल्या आईला दारात येऊन सावरणाऱ्या बायका असतात. इथं त्या आईसाठी एक स्तंभ उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, 1999 च्या ऑगस्टमध्ये, तो हिरोशिमात होता. अणुबॉम्बनंतरही उभा राहिलेला तो घुमट आपण सगळ्यांनी चित्रांत पाहिलेला आहे. वोदिच्कोनं घुमटावर काहीच टाकलं नाही. खाली मोतोयासु नदीचा दगडी काठ आहे, त्यावर त्यानं फक्त हात दाखवले. वाचलेल्यांचे, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे, जपाननं मजुरीला आणलेल्या आणि बॉम्बखाली सापडलेल्या कोरियन माणसांचेही. बोलताना माणसाचे हात जे करतात तेवढंच: रुमालाशी चाळा, मूठ आवळणं, उघडणं. आवाज वर घुमत होता आणि हातांचं प्रतिबिंब पाण्यात. भाजलेली माणसं पाण्यासाठी ज्या नदीकडे धावली, त्याच नदीत. या पुस्तकातलं त्या कामाचं छायाचित्र पाहताना मी बराच वेळ पान उलटू शकलो नाही.

2001 साली मेक्सिकोतल्या तिहुआना शहरी तो आणखी पुढे गेला. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या या शहरात जुळणी कारखान्यांत हजारो बायका काम करतात. सांस्कृतिक केंद्राचा गोल घुमट, लोक त्याला ‘ला बोला’ म्हणजे चेंडू म्हणतात. त्या घुमटावर या बायका प्रत्यक्ष त्या क्षणी बोलल्या. त्यांच्या डोक्यावर वोदिच्कोनं घडवलेली एक पट्टी होती. तिला छोटा कॅमेरा, दिवे आणि मायक्रोफोन. बाई गर्दीत कुठंही फिरली तरी तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोरच राहायचा. त्या बोलल्या ते घरातल्या मारहाणीबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल, पोलिसांबद्दल, कामावरच्या वागणुकीबद्दल. खाली चौकात उभी असलेली एक साधी बाई, आणि वर घुमटभर तिचाच चेहरा. एरवी कोणी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून ऐकलं नसतं, तिथं सगळा चौक मान वर करून ऐकत होता.

हे काम एका रात्रीचं नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तिहुआनातल्या त्या दोन रात्रींच्या मागं बऱ्याच काळाच्या भेटीगाठी होत्या, मदत करणाऱ्या स्थानिक संस्था होत्या, आणि बोलणाऱ्या प्रत्येकीला आधी स्वतःशीच बोलून पाहायला दिलेला अवधी होता. भिंत उसनी मिळते. एखाद्याचं दुःख मात्र असं उसनं उचलता येत नाही; ते त्यानं आपणहून द्यावं लागतं, आणि दिल्यानंतर तो घरी कसा जाईल याचीही काळजी घ्यावी लागते. नव्या कलावंतांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे.

वोदिच्कोचं आणखी एक महत्त्वाचं काम न्यूयॉर्कमधलं. 2012 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात युनियन चौकातल्या अब्राहम लिंकनच्या कांस्य पुतळ्यावर रोज संध्याकाळी चौदा जणांची प्रक्षेपणं झाली. व्हिएतनामपासून इराक-अफगाणिस्तानपर्यंतच्या युद्धांतून परतलेले सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं. चेहरा लिंकनच्या चेहऱ्यावर, हात हातांवर, पाय पायांवर असा बेतून बसवलेला, की लिंकनच घसा खाकरून बोलू लागतो: झोप लागत नाही, नोकरी टिकत नाही, परत आलो पण घरच्यांना मी सापडत नाही. 1870 पासून तिथं उभा असलेला पुतळा. डिसेंबरच्या थंडीत, खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं थांबून ऐकत होती. साताऱ्यासारखा पिढ्यानपिढ्या फौजेत माणसं पाठवणारा जिल्हा आपल्याकडे आहे, गावागावांत पहिल्या महायुद्धापासूनच्या स्मृतिशिला आहेत. सुट्टीवर आलेल्या जवानाला आपण मिरवतो. निवृत्त होऊन आलेल्याचं आणि त्याच्या बायकोचं ऐकून घेणारी एखादी संध्याकाळ आपल्या किती गावांत होते?

2020 च्या जानेवारीत वोदिच्कोनं न्यूयॉर्कच्याच मॅडिसन चौकात नौसेनापती फॅरागटच्या पुतळ्यावर बारा निर्वासितांना बोलतं केलं. त्याच महिन्यात सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या पांढऱ्या शिडांवर वणव्याशी झुंजणाऱ्या अग्निशमन दलाच्या माणसांची चित्रं उमटली. ऑस्ट्रेलियातलं हे ग्रामीण दल मुख्यतः स्वयंसेवकांचं आहे. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, पगार नाही. ज्या शिडांवर एरवी उत्सवाचे रंग खेळतात तिथं काजळी माखलेला चेहरा दिसला. आणि मग महामारी आली. ईस्टरच्या दिवशी, 12 एप्रिल 2020 ला, रिओच्या डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्यावर डॉक्टरचा पांढरा डगला आणि स्टेथोस्कोप उमटला, पाठोपाठ जगभरच्या आरोग्यसेवकांचे चेहरे. स्वित्झर्लंडमध्ये गेरी होफश्टेटर हा प्रकाशकलावंत त्या वसंतात 4,478 मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर रात्रीमागून रात्री आशेचे शब्द आणि देशोदेशीचे ध्वज टाकत होता. एप्रिलमध्ये त्या बर्फाळ कड्यावर आपला तिरंगाही झळकला. टाळेबंदीत घरात अडकलेल्या आपल्या माणसांनी तो मोबाइलवर पाहिला आणि डोळे पुसले, हे मला माहीत आहे. मीही त्यांतलाच एक.

तरीही दोन्हींत मला रिओचं चित्र उजवं वाटतं. मॅटरहॉर्नवर देश होता, रिओत माणूस होता. आणि दोन्हींत एक उणीव होती, तिला कोणाचाच इलाज नव्हता: खाली माणसं जमू शकत नव्हती. पडदा होता, झोत होता, गल्ली रिकामी. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा श्वास ऐकू आल्याशिवाय ही कला पुरी होत नाही, हे त्या वर्षानं शिकवलं.

या बाबतीत एक नाव आवर्जून घ्यायला हवं, रफाएल लोसानो-हेमर. मेक्सिकोत जन्मलेल्या या कलावंतानं 2001 साली रॉटरडॅमच्या नाट्यगृहासमोरच्या चौकात ‘बॉडी मूव्हीज’ हे काम मांडलं. वेगवेगळ्या शहरांच्या रस्त्यांवर टिपलेल्या साध्या माणसांची छायाचित्रं एका मोठ्या इमारतीवर प्रक्षेपित केलेली, पण जमिनीवरून येणाऱ्या प्रखर पांढऱ्या उजेडात ती पुसून गेलेली. तुम्ही त्या उजेडाच्या आड गेलात की तुमची सावली भिंतीवर पडते, आणि फक्त त्या सावलीतच ते छायाचित्र दिसू लागतं. दिव्याच्या जवळ गेलात तर सावली पंचवीस मीटरची, दूर गेलात तर दोन मीटरची. त्या दृश्यातली सगळी माणसं उघडी करायची तर अनोळखी लोकांनी मिळून सावल्या जुळवाव्या लागतात. मग सगळा चौक खेळायला लागतो. कोणाची राक्षसाएवढी सावली कोणाच्या चिमुकल्या सावलीच्या डोक्यावर हात ठेवते, लहान पोरगं आजोबांना तळहातावर उचलून घेतं. आमच्या गल्लीत जिच्यावरून ओरडा पडायचा ती हाताची सावली इथं कामाचा गाभा झाली. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या खराटा घेतलेल्या दोघी येतात, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

काळजीच्याही जागा आहेत. भिंत भाड्यानं घेणारे जाहिरातदार कलावंतांपेक्षा नेहमीच लवकर पोचतात. आपल्याकडे सरकारी निधीतून होणारे बहुतेक प्रकाशखेळ राजे, सेनापती आणि उद्घाटकाचं नाव यांपलीकडे जात नाहीत. राजांना मान आहेच. पण एकाच गोष्टीसाठी शहरातल्या सगळ्या भिंती अडकून पडाव्यात हे मला पटत नाही. आणि प्रकाशाचा उपद्रवही असतो. न्यूयॉर्कमध्ये दर 11 सप्टेंबरला जुळ्या मनोऱ्यांच्या स्मृतीत 88 दिव्यांचे दोन झोत आकाशात सोडतात. स्थलांतर करणारे पक्षी त्यात भरकटतात, घिरट्या घालून थकतात. म्हणून स्वयंसेवक रात्रभर खाली बसून पक्षी मोजतात, आणि झोतात हजाराच्या वर पक्षी अडकले की वीस मिनिटं दिवे बंद करतात. शोकाच्या रात्रीसुद्धा पाखरांना वाट देणारी ही माणसं मला त्या झोतांइतकीच आदराची वाटतात. आपल्याकडे देवराईच्या काठी, पाणथळीच्या शेजारी, गडांच्या कड्यांवर प्रकाश टाकण्याआधी एवढा विचार व्हायलाच हवा.

बाकी प्रकाशानं माणसं एकत्र आणायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात त्रिपूर पाजळतात तेव्हा आपापल्या घरून तेलवात नेली जाते. जेजुरीच्या गडावरच्या दगडी दीपमाळा भक्तांनी नवस फेडताना बांधल्या. फ्रान्समधल्या लियोंची गोष्टही अशीच आहे. 8 डिसेंबर 1852 ला तिथल्या टेकडीवर मरियेच्या मूर्तीचा सोहळा होता, वादळानं तो बुडणार असं दिसलं. संध्याकाळी आभाळ निवळलं आणि कोणी न सांगता लोकांनी खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आज त्या शहरात डिसेंबरच्या त्या रात्रींत जगातली सर्वांत नावाजलेली प्रक्षेपणं होतात, आणि तरी घराघरांतल्या खिडकीत काचेच्या पेल्यातली ती मेणबत्ती लागतेच. मोठा झोत चौकात, छोटी वात घरात. दोन्ही चालू असतात म्हणून तो उत्सव लोकांचा राहिला.

हे पुस्तक वाचून मिटताना वाचकांपैकी कोणी मंडळाचे कार्यकर्ते असतील, शाळेचे शिक्षक असतील, ग्रामपंचायतीत बसणारे असतील. त्यांना माझी विनंती आहे. प्रोजेक्टर आता तालुक्याच्या गावीही भाड्यानं मिळतो, चुना दिलेली भिंत प्रत्येक शाळेला असते. या वर्षी एक रात्र राखून ठेवा. गावातली आशाताई, रात्रपाळीचा वायरमन, पुरात होडी काढणारा कोळी, स्मशानात लाकडं रचणारा, अंगणवाडीतल्या सेविका, घंटागाडीवरची माणसं, यांच्यातल्या कोणाकडे आधी चार वेळा जाऊन बसा. काय सांगावंसं वाटतं ते विचारा, काय सांगायचं नाही तेही विचारा. मग त्यांचा चेहरा, त्यांचे हात, त्यांच्या आवाजात त्यांची गोष्ट त्या भिंतीवर येऊ द्या. दुकानदारांकडून तासभर अंधार मागून आणा. कार्यक्रमाला त्यांच्या घरच्यांना पुढं बसवा. आणि भिंतीऐवजी कापड लावणार असाल, तर पडद्याच्या मागच्या बाजूलाही एक सतरंजी अंथरा.